ओळ एकदाच तोडा: नागपुरात ऑपरेटिंग सिस्टिम शिकवणाऱ्या प्राध्यापकांना खुले पत्र

प्रति,
नागपुरातल्या अभियांत्रिकी, विज्ञान आणि पॉलिटेक्निक महाविद्यालयांत ऑपरेटिंग सिस्टिम हा विषय शिकवणारे सर्व सर आणि मॅडम यांस,

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रॅक्टिकलच्या यादीत ‘मिनी शेल’ नावाचा एक प्रयोग बहुतेक ठिकाणी असतो. शेल म्हणजे टाइप केलेली कमांड वाचून तो तो प्रोग्राम चालवणारा प्रोग्राम. विद्यार्थी वापरकर्त्याकडून एक ओळ घेतो, सी भाषेतल्या स्ट्रटोक या फंक्शनने ती स्पेसवर तोडतो, फोर्क करून नवी (चाइल्ड) प्रोसेस काढतो, एक्झेक करून तिच्यात प्रोग्राम चढवतो, चाइल्ड प्रोसेस संपेपर्यंत थांबतो आणि पुन्हा प्रॉम्प्ट दाखवतो. एलएस, डेट अशा साध्या कमांड चालल्या, की जर्नलवर सही. हे पत्र त्यातल्या स्ट्रटोकच्या ओळीबद्दल आहे. सेमिस्टरचा बराचसा वेळ शेड्युलिंग, डेडलॉक आणि पेजिंग यांत जातो, आणि तो जायलाच हवा. पण नोकरीला लागलेल्या मुलाच्या हातून डेडलॉक टाळणाऱ्या बँकर्स अल्गोरिदममुळे कुणाचा डेटा उडाल्याचं मी अजून पाहिलेलं नाही. स्पेसवर तोडलेल्या ओळीमुळे उडालेला पाहिला आहे.

माझं म्हणणं एवढंच आहे: कमांडची ओळ शेलने तोडावी, एकदाच तोडावी, आणि झालेले तुकडे प्रोग्रामच्या हाती पडेपर्यंत तुकडेच राहावेत. मधल्या कुणीही ते जोडून पुन्हा तोडू नयेत. कर्नलने, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याने, त्यात नाक खुपसू नये आणि प्रोग्रामवरही ते काम ढकलू नये.

मी परसोडीच्या आयटी पार्कात बसतो. लहान व्यापारी, अडते, दोन-तीन ट्रान्सपोर्टवाले यांचे सर्व्हर आणि बॅकअप सांभाळणं हे आमचं काम. नवीन मुलं घेताना मी त्यांना एक फोल्डर देतो आणि सांगतो, यातल्या सगळ्या फाइल दुसरीकडे कॉपी करणारी चार ओळींची स्क्रिप्ट लिही. फोल्डरमध्ये ‘संत्रा आवक.सीएसव्ही’ नावाची एक फाइल असते. मागच्या वेळी आलेला मुलगा चांगला हुशार होता, लूप झटक्यात लिहिला. चालवल्यावर स्क्रीनवर दोन ओळी आल्या: ‘संत्रा’ नावाची फाइल नाही, ‘आवक.सीएसव्ही’ नावाची फाइल नाही.

‘‘सर, फाइल तर समोर दिसून राहिली. मग हा नाही म्हणून काऊन सांगून राहिला?’’

‘‘कॉपी करणाऱ्या प्रोग्रामला नावं किती गेली?’’

‘‘एकच ना सर.’’

मग त्याने फाइलचं नाव बदलून मध्ये अंडरस्कोअर टाकला आणि स्क्रिप्ट चालवून दाखवली. ‘‘फाइलच्या नावात स्पेस द्यायचीच नाही, असं आम्हाला कॉलेजात सांगितलं होतं.’’

हे सांगणं बंद व्हावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे. कळमन्याच्या बाजारात बसलेला अडत्या फाइलला स्वतःच्या भाषेत, स्वतःच्या सवयीने नाव देणार. ‘जानेवारी मृग बहार (नवीन)’ असंच देणार. त्याने अंडरस्कोअर शिकायचा, की आपण लिहिलेल्या स्क्रिप्टने त्याचं नाव धड वाचायचं? एका व्यापाऱ्याकडे आधी काम करणाऱ्या कुणीतरी बॅकअपनंतर जुन्या फाइल पुसणारी स्क्रिप्ट लावून ठेवली होती. फोल्डरमध्ये ‘हिशोब’ नावाची मुख्य फाइल होती आणि ‘हिशोब जुना’ नावाची टाकाऊ. पुसायची होती दुसरी. स्क्रिप्टने नाव स्पेसवर तोडलं, ‘हिशोब’ सापडली ती पुसली आणि ‘जुना’ सापडत नाही म्हणून तक्रार नोंदवली. ती तक्रार वाचायला तिथे कुणी नव्हतं.

आता त्या मुलाच्या लूपमध्ये नेमकं कुठे बिघडलं ते बघा, कारण वर्गात शिकवण्यासारखी गोष्ट तिथे आहे. ओळ वाचताना शेलने तिचे तुकडे बरोबर केले होते. ‘सगळ्या फाइल’ असा अर्थ असलेल्या * या खुणेच्या जागी फाइलची नावं भरली, तेव्हाही ‘संत्रा आवक.सीएसव्ही’ हे नाव अखंड, एका तुकड्यातच आलं होतं. बिघडलं ते त्यानंतर. व्हेरिएबलमधलं नाव कमांडच्या ओळीत बसवल्यावर शेलने ते पुन्हा स्पेसवर तोडलं. म्हणजे वापरकर्त्याने टाइप केलेली ओळ आणि डिस्कवरून आलेलं नाव, या दोहोंना त्याने एकाच चरकातून काढलं. भोवती कोट, म्हणजे अवतरणचिन्हं, घातले असते तर हे झालं नसतं, हे खरं. पण जी गोष्ट शंभरातल्या नव्व्याण्णव वेळा हवी असते, ती मिळवण्यासाठी दरवेळी आठवणीने कोट घालावे लागतात, याला मांडणीतला दोषच म्हणतात.

हा दोष आला कुठून? १९७९ मध्ये बेल लॅब्जच्या युनिक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या सातव्या आवृत्तीसोबत बॉर्न शेल आला. त्यात ॲरे, म्हणजे यादी ठेवायची सोय, नव्हती. अनेक नावं एका व्हेरिएबलमध्ये ठेवायची तर मध्ये स्पेस घालून एक लांब स्ट्रिंग, म्हणजे अक्षरांची सलग माळ, करायची, आणि वापरताना शेलने ती तोडायची, एवढाच मार्ग होता. त्या काळच्या यंत्रांवर ही तडजोड समजण्यासारखी होती. पुढे १९८९ च्या बॅश या शेलने ती तशीच ठेवली आणि पॉझिक्स या युनिक्सच्या प्रमाणकाने तिला नियमाचं रूप दिलं. तरी हा काही सृष्टीचा नियम नव्हे. बेल लॅब्जमधल्याच टॉम डफ यांनी प्लॅन ९ या ऑपरेटिंग सिस्टिमसाठी ‘आरसी’ नावाचा शेल लिहिला, त्यात व्हेरिएबल म्हणजे थेट यादीच असते आणि एकदा वाचलेला मजकूर पुन्हा वाचला जात नाही. अपवाद फक्त मजकूर पुन्हा वाचायला लावणाऱ्या ‘इव्हॅल’ या कमांडचा, तोही तुम्ही मुद्दाम सांगितलं तर. झेडशेल १९९० पासून व्हेरिएबलची किंमत आपणहून तोडत नाही. २००५ चा फिश शेलही नाही. त्यांच्यात कोट विसरलेला विद्यार्थी बचावतो.

जे बचावले नाहीत त्यांची उदाहरणं जाहीर आहेत. नोव्हेंबर २००१ मध्ये ॲपलच्या आयट्यून्स २.० च्या इन्स्टॉलरमध्ये डिस्कचा पत्ता कोटाविना वापरला होता. डिस्कच्या नावात स्पेस असलेल्या काही जणांचा डेटा पुसला गेला आणि ॲपलला लगेच २.०.१ काढावी लागली. २०११ मध्ये बंबलबी या लिनक्सवरच्या सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉल स्क्रिप्टमध्ये पुसण्याच्या कमांडमध्ये ‘/यूएसआर’ नंतर एक फालतू स्पेस पडली. पुसायचं होतं आतलं एक लहानसं फोल्डर, पुसायला निघाला अख्खा ‘/यूएसआर’.

शेलमध्ये असा घोळ असला तरी त्याच्या खालची पायरी युनिक्सने नीट बांधली आहे, आणि वर्गात ते कौतुकाने सांगायला हवं. एक्झेकव्हीई या सिस्टिम कॉलला ओळ जात नाहीच. त्याला तुकड्यांची यादी जाते, प्रत्येक तुकडा शून्य बाइटने संपतो. कर्नल आत डोकावत नाही. तुकड्यात स्पेस असो, कोट असो, नवी ओळ असो, देवनागरी असो, तो जसाच्या तसा पलीकडे, प्रोग्रामच्या मेन फंक्शनला मिळणाऱ्या आर्गव्ही या यादीत निघतो. * चा अर्थ लावणंही कर्नलकडे नाही. अगदी सुरुवातीच्या युनिक्समध्ये तर ते शेलमध्येही नव्हतं, ‘ग्लॉब’ नावाचा वेगळा छोटा प्रोग्राम ते करायचा. कर्नलने जिथे थोडीशी ओळ वाचायचं मनावर घेतलं, म्हणजे स्क्रिप्टच्या पहिल्या #! च्या ओळीत, तिथेच वेगवेगळ्या युनिक्सांचं वागणं वेगळं झालं. लिनक्स त्या ओळीतल्या इंटरप्रिटरच्या, म्हणजे स्क्रिप्ट चालवणाऱ्या प्रोग्रामच्या, नावापुढचं सगळं एकच आर्ग्युमेंट (प्रोग्रामला द्यायचा तुकडा) धरतो, मध्ये कितीही स्पेस असोत.

विंडोजमध्ये ही पायरीच वेगळी आहे आणि तिकडे आपल्याकडचे बहुतेक अभ्यासक्रम फिरकतच नाहीत. तिथे प्रोग्राम सुरू करणाऱ्या क्रिएटप्रोसेस या फंक्शनला यादी देता येत नाही. एकच लांब स्ट्रिंग द्यायची, कमाल ३२,७६७ अक्षरांची, आणि ती कशी तोडायची हे ज्या त्या प्रोग्रामने ठरवायचं. ही सीपी/एम आणि डॉस या विंडोजच्या आधीच्या ऑपरेटिंग सिस्टिमची परंपरा. तिथे कमांडचं शेपूट मेमरीत ८० हेक्स या ठरलेल्या जागी १२८ बाइटांत ठेवलं जायचं आणि प्रोग्राम ते उचलून वाचायचा. कळमन्यात मोजून क्रेटमध्ये भरलेली संत्री ट्रकमध्ये मोकळी ओतायची आणि उतरवणाऱ्याला सांगायचं, बाबा रे, तुझ्या अंदाजाने पुन्हा क्रेट भर; तसा हा व्यवहार आहे.

उतरवणारे सगळे एकाच अंदाजाचे असते तरी चाललं असतं. मायक्रोसॉफ्टच्या सी लायब्ररीचा नियम असा: कोटाच्या आधी बॅकस्लॅश सम संख्येने असतील तर ते निम्मे होतात आणि कोट हा कोटच राहतो, विषम असतील तर निम्मे होऊन उरलेला एक कोटाला साधं अक्षर बनवतो, आणि पुढे कोट नसेल तर बॅकस्लॅश जसेच्या तसे. सीएमडी या विंडोजच्या शेलचे नियम निराळे, तिथे ^ आणि % यांनाही अर्थ. स्वतःचा तिसराच नियम वापरणारे प्रोग्राम वेगळे. शिवाय प्रोग्रामच्या पत्त्याला कोट नसतील, तर क्रिएटप्रोसेस स्पेस दिसेल तिथे थांबून अंदाज घेतो: ‘सी:\प्रोग्राम फाइल्स’ मधलं काही चालवायचं असताना आधी ‘सी:\प्रोग्राम.ईएक्सई’ आहे का ते पाहतो. कुणी त्या नावाची फाइल तिथे ठेवली, की तुमच्या सर्व्हिसऐवजी ती चालते. सुरक्षा तपासणीच्या अहवालांत कोट नसलेला सर्व्हिसचा पत्ता हा मुद्दा आजही निघतो, तो यामुळेच.

एप्रिल २०२४ मध्ये याचा मोठा फटका दिसला. रस्ट भाषेत प्रोग्रामर आर्ग्युमेंट यादी म्हणूनच देतो, म्हणजे आपल्या परीने सगळं बरोबर करतो. विंडोजवर ती यादी लायब्ररी जोडून स्ट्रिंग करते, सी लायब्ररीच्या नियमाने. पण चालवायची फाइल बॅच फाइल (सीएमडीसाठी लिहिलेली स्क्रिप्ट) असेल तर विंडोज गुपचूप मध्ये सीएमडी आणतं आणि सीएमडी ती स्ट्रिंग स्वतःच्या नियमाने वाचतं. बाहेरून आलेल्या आर्ग्युमेंटमध्ये कोट पेरून कुणीही आपली कमांड घुसवू शकत होता. सीव्हीई-२०२४-२४५७६ या क्रमांकाने ही त्रुटी नोंदली गेली, गांभीर्य दहापैकी दहा. नोड आणि पीएचपीसारख्या प्रोग्रामिंगच्या इतर साधनांनाही तोच त्रास होता. यात नेमकी चूक कुणाची, हे ठरवणं अवघड आहे, कारण प्रत्येकाने आपापल्या नियमाने बरोबरच वाचलं होतं.

नवा शेल आणला म्हणून हे सुटत नाही. विंडोजसाठी पॉवरशेल २००६ मध्ये आला, स्वतःच्या कमांडांमध्ये तो स्ट्रिंगऐवजी ऑब्जेक्ट पाठवतो, फार सुंदर कल्पना. पण बाहेरच्या साध्या प्रोग्रामला डबल कोट असलेलं आर्ग्युमेंट धड पोचवणं त्याला नोव्हेंबर २०२२ च्या ७.३ आवृत्तीपर्यंत जमत नव्हतं.

डॉसच्या बाजूनेही बोलण्यासारखं आहे आणि ते वर्गात दडवू नये. तिथे ‘डेल *.*’ टाइप केलं तर डेल या पुसणाऱ्या कमांडलाच दिसतं की वापरकर्त्याने सगळं मागितलं आहे, म्हणून ते विचारतं, नक्की का? युनिक्सच्या पुसणाऱ्या आरएमला * कधी दिसतच नाही, त्याच्यापर्यंत नावांची यादी पोचते. सगळ्या फाइलचं नाव बदलणारी ‘रेन *.टीएक्सटी *.बॅक’ ही डॉसमध्ये एका ओळीची गोष्ट. युनिक्सच्या एमव्हीला तसं सांगितलं की भलतंच होतं. फोल्डरमध्ये फाइल फार झाल्या तर * चा विस्तार लिनक्सच्या मर्यादेबाहेर जातो आणि कमांड सुरूच होत नाही; प्रोसेसला नेहमी मिळणाऱ्या ८ एमबी स्टॅक मेमरीला ती मर्यादा २ एमबी आहे. त्याहून जुनं उदाहरण डेक कंपनीच्या टॉप्स-२० या ऑपरेटिंग सिस्टिमचं. तिथे कमांड वाचायची सोय खुद्द ऑपरेटिंग सिस्टिमच प्रोग्रामला पुरवायची, त्यामुळे कुठल्याही प्रोग्राममध्ये मध्येच ? दाबलं की पुढे काय लिहिता येईल ते दिसायचं. तेवढी एकसारखी मदत आपल्याला आजही मिळत नाही. मला टॉप्स-२० चा हेवा वाटतो, खोटं कशाला बोलू. तरी हे सगळं शेलच्या पातळीवर जमतं: झेडशेलमध्ये ‘आरएम *’ केलं तर आरएम नव्हे, शेलच थांबवून विचारतो. सोयीसाठी तोडण्याचं काम प्रत्येक प्रोग्रामकडे द्यायची गरज नाही.

युनिक्सवाल्यांनी मात्र फार फुशारकी मारू नये. हाती आलेली यादी पुन्हा स्ट्रिंग करून टाकायच्या जागा त्यांनीही भरपूर ठेवल्या आहेत. सी मधलं सिस्टम फंक्शन स्ट्रिंग घेऊन सरळ शेलकडे देतं. दूरच्या यंत्रावर कमांड चालवणारं एसएसएच तुम्ही दिलेली आर्ग्युमेंट स्पेसने जोडतं आणि पलीकडचा शेल ती पुन्हा तोडतो, म्हणून तिथे कोटांवर कोट चढवावे लागतात. दूरच्या यंत्राशी फाइल कॉपी करणाऱ्या एससीपीचंही तेच रडगाणं होतं. एप्रिल २०२२ च्या ओपनएसएसएच ९.० ने त्यात आतून एसएफटीपी ही फाइल पाठवायची वेगळी पद्धत वापरायला घेतली तेव्हा ते थांबलं. शेवटच्या वर्षाच्या प्रोजेक्टमध्ये विद्यार्थी वेब फॉर्ममधून आलेलं नाव सिस्टमच्या स्ट्रिंगमध्ये चिकटवतात आणि गाइडची सही होते, हे तुम्हीही पाहत असाल.

एक मुद्दा खास आपल्या लिपीचा. ‘शेतकऱ्यांची यादी’ या नावातला ‘ऱ्य’ तीन प्रकारे टाइप होतो. ऱ चा स्वतंत्र युनिकोड क्रमांक, ०९३१. किंवा साधा र आणि त्याखाली नुक्ता. किंवा र, हलन्त आणि मध्ये न दिसणारा झिरो विड्थ जॉइनर. कुठला कीबोर्ड वापरला त्यावर ते ठरतं, पडद्यावर तिन्ही सारखेच. लिनक्सला नाव म्हणजे नुसते बाइट, त्यामुळे एकाच फोल्डरमध्ये या तीन निराळ्या फाइल सुखाने नांदतात. ॲपलची एपीएफएस ही फाइल सिस्टिम पहिल्या दोन प्रकारांना एकच मानते, तिसऱ्याला नाही. महसूल खात्यापासून सहकारी संस्थांपर्यंत या शब्दाने सुरू होणाऱ्या फाइल विदर्भात किती असतील! टर्मिनलवर नाव अक्षर न् अक्षर बरोबर टाइप करूनही ‘फाइल नाही’ असं उत्तर येतं, आणि पोरगं स्वतःलाच दोष देत बसतं. माझ्या मते कर्नलने इथेही बाइट बदलू नयेत. नाव शोधताना आणि टॅब दाबून पूर्ण करताना शेलने हे तिन्ही सारखे धरावेत, आणि प्रोग्रामला मात्र डिस्कवर आहेत तेच बाइट द्यावेत. जाता जाता: फाइलच्या नावात ‘कुठलंही एक’ या अर्थाची ? ही खूण एका कोडला जुळते, आपल्या अक्षराला नव्हे. ‘क्षि’ला चार ? लागतात. आणि देवनागरीचा प्रत्येक कोड यूटीएफ-८ मध्ये ३ बाइटांचा, त्यामुळे लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइल सिस्टिमवर २५५ बाइटांच्या मर्यादेत नाव ८५ कोडांत संपतं.

अभ्यासक्रम बदलायचा तर अभ्यास मंडळाची बैठक लागते, हे मला ठाऊक आहे. मी मागतोय त्याला ती लागत नाही. प्रयोगाचं नाव ‘मिनी शेल’च राहू द्या, तपासणी बदला. विद्यार्थ्याला आधी दहा ओळींचा एक प्रोग्राम लिहू द्या, जो मिळालेलं प्रत्येक आर्ग्युमेंट चौकटी कंसात छापतो आणि पुढे त्याचे बाइट लिहितो. मग त्याच्या शेलमधून तो चालवायला सांगा. कोटात ‘संत्रा आवक’ दिल्यावर [संत्रा आवक] २८ असं एकच उत्तर यायला हवं. [संत्रा] १८ आणि [आवक] ९ अशा दोन ओळी आल्या तर सही करू नका. रिकाम्या कोटांना [] ० यायला हवं, स्ट्रटोक तिथे हमखास झोपतं. नंतर फोल्डरमध्ये स्पेसवाली, हायफनने सुरू होणारी, नावातच * असलेली आणि नावात नवी ओळ असलेली अशा फाइल ठेवा आणि * लिहून चालवा. ‘-आरएफ’ नावाची फाइल आरएमला पर्याय म्हणून कशी पोचते, आणि ./* लिहिलं की ते कसं टळतं, हे मुलांना डोळ्यांनी दिसू द्या; त्यासाठी वेगळं लेक्चर लागणार नाही. एक तास विंडोजला द्या आणि तोच प्रोग्राम क्रिएटप्रोसेसने चालवायला लावा. बॅकस्लॅशचा नियम पाठ करून घेऊ नका. मुलं तो स्वतः लिहायला बसली की नियम कुठून आला ते विचारतीलच. प्रोजेक्टमध्ये बाहेरचा मजकूर सिस्टमला जाताना दिसला तर गुण कापा.

व्हायवाला एक्सटर्नल म्हणून येणाऱ्यांना एक विनंती. ‘एक्झेकचे प्रकार सांग’ याचं उत्तर मुलं पाठ करून येतात. त्याऐवजी विचारा, ‘‘तू लिहिलेल्या शेलमध्ये ही ओळ किती वेळा तुटते, आणि कुठे?’’

तपासणीसाठी लागणाऱ्या फाइलचा संच, तिन्ही प्रकारच्या ‘ऱ्य’सकट, आमच्याकडे तयार आहे. पेन ड्राइव्हवर हवा असेल तर कळवा. दिवाळीनंतरच्या प्रॅक्टिकलच्या आत माझा माणूस तुमच्या लॅबमध्ये आणून देईल, लॅब असिस्टंटना एकदा चालवूनही दाखवेल.

आपला,
परसोडीतला एक सिस्टिम ॲडमिनिस्ट्रेटर
नागपूर